हुकला म्हणालात, पण लागला होता

(ठाण्यातल्या एका वाचकाचं पत्र, नावगाव वगळून आणि थोडं कापून.)

आठ महिने झाले, दर दुसऱ्या रविवारी दुपारी मी आमच्या कोलशेत रोडच्या घरी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' चालवतो. नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे. खेळायला पाच जण: माझी बायको, कॉलेजमधलं एक जोडपं, ऐरोलीहून येणारा ऑफिसचा मित्र आणि अकरावीतला माझा मावसभाऊ. दोन सेशनआधी पुलावरच्या लढाईत बायकोचं पात्र, एक रेंजर (रानात वावरणारी लढवय्यी), जीव शून्यावर जाऊन बेशुद्ध पडली. एक डेथ सेव्ह (जीव वाचवायचा फासा, तीन फुकट गेले की मरण) आधीच फुकट गेला होता. ओगर, म्हणजे एक थोराड राक्षस, तिच्या डोक्याशी उभा. मी पडद्यामागे दोन फासे टाकले. एकावर सतरा, दुसऱ्यावर वीस. म्हणजे कॅरेक्टर संपलं. मी म्हणालो, "हुकला." मग तिच्या पाळीला तिने सगळ्यांसमोर फासा टाकला, वीस पडले, ती उठली आणि तिनेच ओगरला लोळवलं. घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. हा किस्सा ती आता माहेरीसुद्धा सांगते.

अडचण अशी, की मावसभाऊ त्याच वेळी पाणी प्यायला उठला होता आणि माझ्या मागून जाताना त्याने फासे पाहिले. बोलला काही नाही. पण परवा तो एकटाच ड्रॅगनच्या गुहेत शिरला, आणि ऑफिसच्या मित्राने अडवलं तर म्हणाला, "काही होत नाही. दादा आहे ना." त्याच मित्राचा ड्वार्फ दिवाळीच्या सुमारास सापळ्यातल्या बाणाने मेला होता. तेव्हा मी फासा पडला तसाच वाचला होता.

मी चुकलो का? बायकोला सांगू का? आणि फासा कधीच बदलायचा नाही का? केलं ते तिच्यासाठीच केलं, पुढच्याच महिन्यात तिच्या रेंजरच्या हरवलेल्या आईची गोष्ट येणार होती. ता. क.: माझा पडदा लग्नपत्रिकांच्या खोक्याचा आहे, फाटत आलाय. नवीन घेऊ का? बाहेर फासे टाकले तर आवाज होतो, खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी झोपतात.

---

जे हा खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी आधी चार ओळी. डाव चालवणाऱ्याला गेम मास्टर किंवा डीएम म्हणतात. राक्षस, गावकरी, पाऊस, वाटेतली खानावळ, सगळं तोच असतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात फिरतात, आणि कुणाचा वार बसला, कोण दरीत पडलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. डीएमचे फासे बहुधा पुठ्ठ्याच्या पडद्यामागे पडतात. पडला एक आकडा आणि सांगितला दुसरा, की त्याला फासा 'फज' करणं म्हणतात. एवढ्याशा गोष्टीवर पत्र कसलं, असं ज्यांना वाटतंय त्यांनी सापशिडीत एक घर जास्त सरकवल्यावरून घरात किती दिवस अबोला चालायचा ते आठवून पाहावं.

आता तुमच्याकडे वळते. एक दिलासा आधीच देऊन टाकते. या पंगतीत तुम्ही एकटे नाही. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला, आणि १९७९ साली डीएमसाठी जे जाडजूड पुस्तक निघालं त्यात गायगॅक्सनेच लिहून ठेवलंय की फासा डावलायचा हक्क डीएमला आहे. तुम्ही वापरता त्या २०१४च्या आवृत्तीतही पडद्याआड फासे टाकले तर निकाल वळवता येतो, हे मोकळेपणाने सांगितलंय. म्हणजे पुस्तकाचा दाखला हवा असेल तर तो तुमच्या खिशात आहे. पण गायगॅक्सचं त्यापुढचं म्हणणं लोक सहसा गाळतात. खेळाडूने सगळं नीट केलं आणि निव्वळ फाशाने घात केला, तर त्याचा जीव न घेण्याची मुभा डीएमला आहे. हवं तर बेशुद्ध करा, एखादा हात जाऊ दे, एक डोळा जाऊ दे. राक्षसाने जे केलं त्याची किंमत मोजायचीच, फक्त ती जीवाची नसेल. तुमच्या ओगरच्या सोट्याला मात्र काहीच लागलं नाही. वार बसला आणि हवेत विरला.

तो ओगरच जरा नीट बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. तुमच्या पत्राचा सूर असा, की फाशाने तुम्हाला कात्रीत धरलं. मला तसं दिसत नाही. बेशुद्ध पडलेल्यावर अगदी जवळून वार करताना दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा असतो. ओगरला त्यात सहाची भर मिळते. रेंजरचं चिलखत पंधराचं धरलं, म्हणजे बेरीज पंधरा गाठली की वार बसतो, तर एका फाशावर वार बसायची शक्यता ६० टक्के, आणि दोन फासे असले की ती ८४ टक्क्यांवर जाते. शिवाय असा बसलेला वार क्रिटच (दुप्पट फाशांचा घाव) धरतात, म्हणजे एका झटक्यात दोन डेथ सेव्ह गेले. एक आधीच गेलेला. तीन झाले, खेळ आटोपला. तेव्हा ते वीस बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण वीसचा त्यात काही विशेष हात नव्हता. नऊ पडले असते तरी ती गेलीच असती.

शंभरात ८४ वेळा 'मेली' असं उत्तर देणारा प्रश्न तुम्ही फाशाला विचारलात, आणि ते उत्तर ऐकायची तुमची तयारी नव्हती.

माझं आजोळ राजापूरकडचं. तिथे देवाला कौल लावतात. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमचे आजोबा प्रत्येक गोष्टीला कौल लावायचे नाहीत. मुलीचं लग्न कुठे करायचं हे त्यांनी स्वतःच ठरवलं, कारण तिथे देव 'नाही' म्हणाला असता तर ते ऐकणार नव्हते, आणि हे त्यांना आधीच माहीत होतं. विहीर कुठे खणायची याला मात्र कौल लावला, आणि गुरवाने सांगितलं तिथेच खणली. पाणी लागलं की नाही ते विचारू नका.

तर पडलेल्या बाईच्या डोक्यात सोटा घालायचं कोणी ठरवलं? फाशाने नाही, तुम्ही. समोर चौघं उभे ठाकलेले, आणि या ओगरची बुद्धी पुस्तकात ५ लिहिलीय, साधारण माणसाची १०. एवढ्या बुद्धीचा प्राणी, जो त्याला टोचतोय त्याच्यावरच धावून जाईल ना? नाहीतर तिला खांद्यावर टाकून पुलापलीकडे पळेल, रात्रीच्या जेवणाची सोय म्हणून. मग बाकीच्यांना पाठलाग करावा लागला असता आणि पुढचा अख्खा रविवार त्यात रंगला असता. फासा हातातून सुटायच्या आधीचा तो क्षण डीएमचा असतो. तिथे हवी तेवढी दया दाखवा, कुणी फसवणूक म्हणणार नाही. फासा पडल्यावर मात्र तो सगळ्या टेबलाचा झाला.

दुसरं, 'तिच्यासाठीच केलं' हे. रागावू नका, पण हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्याला लागूनच तुम्ही लिहिता की पुढच्या महिन्यात तिच्या आईची गोष्ट येणार होती. ती गोष्ट कुणी लिहिली होती? रात्री जागून नकाशे कुणी काढले होते? रेंजर मेली असती तर तिला वाईट वाटलं असतं हे खरं, पण तिने चहा घेऊन अर्ध्या तासात नवीन कॅरेक्टर बनवायला घेतलं असतं. वाया गेली असती ती तुमची वही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळे डीएम वहीच्या प्रेमात पडतात, मीही पडले आहे. फक्त कुणाला वाचवलं त्याचा हिशेब स्वतःशी तरी खरा ठेवावा. आणि त्याच हिशेबात दिवाळीतला तो ड्वार्फही धरा. त्याची आई हरवलेली नव्हती, म्हणून तो मेला.

लहानपणी आपल्याकडे याला एक चोख व्यवस्था होती: कच्चा लिंबू. लगोरी असो, लपंडाव असो, कुणाचं तरी शेंडेफळ मागे लागलेलं असायचं. त्याला खेळात घ्यायचं, पण तो आऊट होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही. ही व्यवस्था चालायची याचं कारण ती डाव सुरू व्हायच्या आधी ओरडून सांगितली जायची. सगळ्यांना माहीत असायचं, त्या लिंबालाही. आणि एक दिवस तेच पोर पाय आपटून म्हणायचं, "मी कच्चा लिंबू नाही!" त्या दिवसापासून ते खरं खेळायला लागायचं. तुम्ही तुमच्या बायकोला कच्चा लिंबू केलंत आणि सांगितलं नाहीत. ती मोठ्यांच्या डावात आहे असं समजून खेळली, आणि बिचारी माहेरी जाऊन सांगतेय.

हे मला इतकं का टोचतं तेही सांगते. मी खेळायला लागले तेव्हा आमच्या टेबलावर माझी एक म्हातारी चेटकीण होती. दीड वर्ष टिकली. तिच्या जोरावर मी फार मिरवले. मग एका लग्नाच्या पंगतीत आमचे तेव्हाचे डीएम मठ्ठा ओतता ओतता सहज म्हणाले, "तुझ्या म्हातारीला मी चार वेळा वाचवलंय." प्रेमाने म्हणाले, माणूस फार चांगला. पण घरी येऊन मी त्या दीड वर्षातली एकेक लढाई आठवायला लागले. ती दलदलीतली खरी होती का? त्या घंटाघरातली? कुठल्या चार, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि म्हणून सगळ्याच थोड्या थोड्या खोट्या झाल्या. चार सांगितल्या असत्या तर बाकीच्या वाचल्या असत्या.

म्हणजे सांगायचंच, असं मी म्हणतेय का? थांबा. मावसभावाने पाहिलं नसतं, तर कदाचित मी लिहिलं असतं की गप्प बसा, पुन्हा करू नका, एका ओगरसाठी घर ढवळू नका. असं मानणारे पुष्कळ चांगले डीएम आहेत. त्यांचा युक्तिवाद असा, की गडकरी रंगायतनमध्ये तलवार लाकडाची आहे हे आपल्याला माहीत असतंच की, तरी रडू येतं. पण तिथे आपण तिकीट काढून बसलेलो असतो. इथे तुमची बायको रंगमंचावर होती, आणि समोरची तलवार खरी समजून लढत होती. असो. तुमच्या बाबतीत हा वाद उरलेलाच नाही. गुपित घरात एकाला माहीत आहे आणि तो सोळा वर्षांचा आहे.

म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा. पत्रात तुम्ही त्याला अडचण म्हटलंय. मला तर तो पोरगा आवडला. दादाची चूक पाहिली, वहिनीचा आनंद पाहिला आणि तोंड मिटून बसला. एवढ्या वयात हे सोपं नाही. त्याला तुम्ही नकळत भागीदार करून ठेवलंय, आणि ते ओझं तो त्याच्या पद्धतीने वाहतोय: गुहेत शिरून. माझ्या मते तो बेफिकीर झालेला नाही, तो तपासून बघतोय. वहिनीला वाचवलं, मला वाचवेल का? की ड्वार्फवाल्यासारखं होईल? पुढच्या सेशनआधी त्याला घेऊन तलावपाळीला एक चक्कर मारा, काहीतरी खायला घाला आणि सरळ सांगा: तू पाहिलंस ते खरं होतं, मी घाबरलो, ते चुकलं, आता वहिनीला सांगणार आहे. तो गप्प राहिल्याबद्दल त्याला शाबासकी देऊ नका, नाहीतर तो हाच धडा घेईल. आणि तो ड्रॅगन कच्चा ठेवू नका. ड्रॅगनपर्यंत पोचण्याआधी त्याला जळलेली हाडं दिसू द्या, धुराचा वास येऊ द्या, "अजून परतता येईल" असं एकदा स्पष्ट म्हणा. तरी गेला, तर जाऊ द्या.

मग बायको. टेबलावर नाही, घरी, दोघंच असताना. आणि सांगताना पुढचा भाग विसरू नका, कारण तुमच्या अपराधीपणात तुम्ही तो पत्रात जेमतेम एका ओळीत उरकलाय: तिच्या पाळीचे वीस खरे होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडले. डेथ सेव्हला नॅचरल ट्वेंटी, म्हणजे फाशावरच थेट वीस, ही विसातली एक संधी, पाच टक्के. त्यावर एक एचपी (जीव मोजायचा गुण) घेऊन ती उठली आणि पळून न जाता ओगरवर गेली. तुम्ही दिलीत ती एक पाळी, बाकी सगळं तिचं आहे. "तो वार लागला होता, मी हुकला म्हणालो, त्यापुढचं सगळं तुझं" एवढं एका दमात सांगा, लांबण लावू नका, कारणं देऊ नका. चिडली तर चिडू द्या. बहुतेक ती म्हणेल, मेले असते तर चाललं असतं की मला. तेव्हा "पण तुझ्या आईची गोष्ट" असं म्हणू नका, जीभ चावा. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. रेंजर तशीच ठेवेल, किंवा म्हणेल हिचा एक डोळा त्या पुलावर गेला असं धरूया. हे दुसरं घडलं तर तुम्ही नशीबवान, असं पात्र डीएमला मागून मिळत नाही.

ऑफिसच्या मित्राला सांगणं सगळ्यात अवघड, आणि ते टाळलंत तर बाकीचं फुकट. तो ट्रान्सहार्बरने येतो, वर स्टेशनपासून तुमच्याकडे यायला रिक्षा नाहीतर बस, आणि तरी आठ महिने येतोय. घरच्याला झुकतं माप मिळालं हे त्याला दुसऱ्याकडून कळलं तर तो भांडणार नाही, फक्त "या रविवारी जमत नाही रे" म्हणायला लागेल. ड्वार्फ जिवंत करून देऊ का, असं मात्र विचारू नका. त्याने तो दुखवटा काढून नवीन पात्र उभं केलंय. नुसतं सांगा आणि त्याचं ऐकून घ्या.

राहिला तिसरा प्रश्न, कधीच बदलायचा नाही का. माझा रिवाज असा: आकडा झाकायला माझी हरकत नाही, बदलायला आहे. चोर दाराआड लपलाय का हे पडद्यामागे फासा टाकून ठरवलं आणि आकडा सांगितला नाही, तर ती लबाडी नव्हे, खेळाडूला संशयात ठेवणं हा त्या खेळाचाच भाग. आणि डीएमचीच चूक असेल तर ती मोठ्याने दुरुस्त करावी. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे साधारण सात एचपी असतात. साध्या गॉब्लिनचा क्रिट चौदापर्यंत जाऊ शकतो, आणि चौदा गेला तर नियमाने तो जादूगार डेथ सेव्हसुद्धा न टाकता जागीच मरतो, खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असताना. अशा वेळी मी सरळ म्हणते, "हे मी जड करून ठेवलंय, फटका निम्मा धरा." आजवर कुणी तक्रार केलेली नाही. राक्षसाचे एचपी लढाईच्या मधेच गुपचूप वाढवणं-घटवणं मी फजमध्येच धरते. काहींना ते वेगळं वाटतं. मला नाही वाटत.

पण माझा रिवाज तुमच्या टेबलाला लागू नाही. तुमचा रिवाज पाच जणांना विचारून ठरवा. पुढच्या सेशनआधी चहाबरोबर वीस मिनिटं काढा आणि एकच गोष्ट विचारा: आपली पात्रं मेलेली चालतील का? उत्तरं वेगवेगळी येतील. कॉलेजच्या जोडप्यातला एकजण 'हो' म्हणेल आणि दुसरी त्याच्याकडे बघेल. कुणालाच मरण नको असेल तर तेही ठीक, पण मग सगळ्यांसाठी आणि उघड. दुसरे खेळ यातून कसे वाट काढतात तेही सांगा. २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये डीएम फासे टाकतच नाही, खेळाडू दोन साधे फासे टाकतो. दहा किंवा वर आलं तर जमलं, सात ते नऊ आलं तर जमलं पण काहीतरी गमावून, सहा किंवा खाली आलं की डीएमची चांदी. बदलायला हातात फासाच नाही, की प्रश्नच मिटला. 'सॅव्हेज वर्ल्ड्स'मध्ये खेळाडूंना 'बेनी' नावाची टोकनं मिळतात, एक खर्च करून फासा पुन्हा टाकता येतो.

तुम्ही टोकनऐवजी लिंबू ठेवा. खरंच, बाजारातलं. प्रत्येक सेशनला टेबलाच्या मधोमध एकच लिंबू, सगळ्यांत मिळून. कुणाचंही पात्र मरत असेल तर तो किंवा ती ते उचलू शकते: मरण टळलं, पण तलवार मोडली, कैद झाली, कान गेला, काय ते टेबल ठरवेल. उचलायचं की नाही हे ज्याचं पात्र त्याने ठरवायचं, तुम्ही नाही. माझा अंदाज आहे की तुमची बायको ते कधीच उचलणार नाही आणि मावसभाऊ पहिल्याच दिवशी उचलेल. उरलं तर संध्याकाळी सरबत.

पडद्याचं: नवीन घेऊ नका, त्याच खोक्याला चिकटपट्टी लावा. नकाशे आणि ती वही लपवायला तेवढा पुरे. लढाईचे फासे बाहेर, स्टीलच्या ताटात. ताटात खाली जुना टॉवेल दुमडून घाला, म्हणजे आजींची झोप मोडायची नाही.